शेतावरून चारशे केव्हीची (चार लाख व्होल्टची) लाइन जाते, तरी संध्याकाळी घरात १८० व्होल्टच का?

डोंगरपायथा (प्रश्न)

नमस्कार. मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. कोयनेचे धरण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि घाटाखालच्या वीजघरांकडून कराडकडे जाणाऱ्या अतिउच्चदाब वाहिनीचा एक मनोरा आमच्या भुईमुगाच्या शेतात उभा आहे. पावसाळ्यात पहाटे धुके उतरले, की त्या तारांखाली चरचर असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. एवढी वीज डोक्यावरून जात असताना आमच्या घरात मात्र संध्याकाळी सातनंतर दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो आणि कधीकधी १७० सुद्धा दाखवतो. पंखा फिरतो न फिरतो, फ्रिज नुसता गुरगुरतो आणि थांबतो, जुनी ट्यूब तर लागतच नाही. रात्री अकरानंतर तोच दाब पुन्हा २३० वर येतो.

वर्षभर तक्रारी करून झाल्या. "तुम्ही लाइनच्या शेवटाला आहात," एवढेच उत्तर मिळते. ते खरे असेलही, पण त्यातले कोडे मला सुटत नाही. चंद्रपूरची वीज सातशे-आठशे किलोमीटर ओलांडून मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचते, असे वाचले आहे. मग डीपीपासून (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) आमच्या घरापर्यंतच्या सहाशे मीटरमध्येच तिला काय होते? शेतातल्या मनोऱ्यावरूनच आमच्या वाडीला वीज का देता येत नाही? आणि आमच्या घरात येते ती वीज कोयनेचीच असते का? जाणकारांनी समजावून सांगितले, तर पुढची तक्रार तरी मला नीट लिहिता येईल.

मनोरा_४००

आपल्या कोड्याचे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे, आणि माझी जवळजवळ सगळी नोकरी त्या गोष्टीच्या भोवती गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाहून नेलेली शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. एकच शक्ती कमी दाबाने आणि मोठ्या प्रवाहाने नेता येते, तशीच ती मोठ्या दाबाने आणि लहान प्रवाहानेही नेता येते. तार तापते ती मात्र केवळ प्रवाहामुळे, आणि तीही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की तारेत वाया जाणारी शक्ती चौपट होते.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच घ्या. त्याचा जनित्र २१ केव्ही दाबाने वीज देतो, कारण फिरत्या यंत्राच्या आत याहून फार मोठ्या दाबाचे निरोधन (इन्सुलेशन) बसवणे अवघड असते. या दाबावर पूर्ण भाराच्या वेळी प्रवाह जवळजवळ पावणेचौदा हजार अँपिअर होतो. त्यासाठी तारा नव्हे, तर माणूस आत रांगत जाऊ शकेल एवढ्या नळीत बंद केलेल्या अॅल्युमिनियमच्या जाड वाहिन्या लागतात, आणि त्याही फक्त जनित्रापासून बाहेरच्या रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) काही मीटर जातात. ते रोहित्र दाब ४०० केव्हीवर नेते आणि तीच शक्ती आता सुमारे ७२० अँपिअरमध्ये मावते. प्रवाह एकोणीस पट घटला, म्हणजे त्याच तारेतला तोटा साडेतीनशे पटींहून अधिक घटला. दूरचा प्रवास शक्य होतो तो यामुळे.

आपण जे वाचले आहे, ती बहुधा चंद्रपूर ते मुंबईजवळचे पडघे ही वाहिनी असावी. ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, सुमारे ७५० किलोमीटर लांब आहे आणि अधिक-उणे ५०० केव्हीच्या एकदिश (डीसी) दाबाने १,५०० मेगावॅट नेते. बाकी राज्याचे जाळे ७६५, ४०० आणि २२० केव्हीच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या वाहिन्यांचे आहे. या सगळ्या अतिउच्चदाब जाळ्यात मिळून राज्यात वाया जाणारी वीज साधारण तीन ते साडेतीन टक्के असते. खालच्या ११ केव्हीच्या आणि लघुदाबाच्या (डीपीपासून घरांपर्यंतच्या) तारांमध्ये होणारी गळती याच्या कित्येक पट आहे. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात जेवढे सांडत नाही, तेवढे शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये सांडते, हे पुष्कळांना पटत नाही, पण आपला व्होल्टमीटर रोज तेच सांगतो आहे. समजा, आपल्या बाजूच्या घरांचा संध्याकाळचा भार मिळून दहा किलोवॅट आहे. ४०० केव्हीच्या तिन्ही तारांवर विभागून तो आणायचा, तर प्रत्येक तारेत अँपिअरचा जेमतेम सत्तरावा भाग वाहील. तोच भार २३० व्होल्टच्या एका फेजवरून (तीनपैकी एकाच तारेवरून) आणायचा, तर त्रेचाळीस अँपिअर लागतात.

"मग मनोऱ्यावरूनच द्या," हा आपला आग्रह स्वाभाविक आहे, विशेषतः ज्याच्या शेतात मनोऱ्याचे पाय रोवले आहेत, त्याने तो धरणे मला चुकीचे वाटत नाही. अडचण अशी, की ४०० केव्हीवरून थेट २३० व्होल्टवर उतरण्याची सोय वाडीच्या आकारात करता येत नाही. त्या वाहिनीला जिथे जिथे फाटा फोडायचा, तिथे तिथे त्या दाबाचे ब्रेकर, आयसोलेटर, वीजरोधक, संरक्षणाचे रिले आणि हे सगळे सुरक्षित अंतरावर मांडायला काही एकर जागा लागते. खर्च कोटींच्या घरात जातो. शिवाय असा प्रत्येक फाटा ही बिघाडाची नवी जागा असते, आणि तिथला एक दोष अख्ख्या जिल्ह्याचा पुरवठा खाली आणू शकतो. म्हणून दाब पायरीपायरीने उतरवतात: ४०० वरून २२०, तिथून १३२, मग ३३ किंवा २२, मग गावाकडे ११ केव्ही, आणि शेवटी डीपीवर ४३३ व्होल्ट. आपण आहात त्या पायरीवर तारा सगळ्यात बारीक आणि तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सगळ्यात मोठा, अशी स्थिती असते.

एक गोष्ट आपल्या शेतातच पाहता येईल. मनोऱ्यावर तार जिथे टांगली आहे, तिथल्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या तबकड्यांची माळ मोजा. १३२ केव्हीला साधारण नऊ-दहा, २२० ला चौदाच्या आसपास आणि ४०० ला तेवीसच्या आसपास तबकड्या असतात. ४०० केव्हीला प्रत्येक फेजला एकाच जागी निदान दोन तारा समांतर जाताना दिसतील, त्यांच्यात हातभर अंतर आणि मध्ये धातूचे आडवे तुकडे. धुक्यातली चरचर याच्याशीच निगडित आहे: मोठ्या दाबाच्या तारेला लगटून असलेल्या हवेचे विद्युतभंजन होऊ लागते आणि तारेवर दवाचे थेंब असले, की ते वाढते. दोन तारा जोडीने टाकल्याने विद्युतक्षेत्र पसरते आणि तो प्रकार आटोक्यात राहतो. त्या आवाजाचा आपल्या घरातल्या दाबाशी मात्र काहीही संबंध नाही. खरे तर रात्री भार उतरला, की लांब ४०० केव्ही वाहिनीच्या दूरच्या टोकाला दाब घटण्याऐवजी वाढतो, आणि तो खाली ओढण्यासाठी उपकेंद्रात रिअॅक्टर नावाची मोठी वेटोळी बसवावी लागतात. आपल्या वाडीच्या नेमके उलटे.

पन्नास_हर्ट्झ

वरचे उत्तर उत्तम आहे. मी केवळ "ही वीज कोयनेचीच का" एवढ्या प्रश्नापुरते लिहिते, कारण जाळ्याचा तोल सांभाळण्याच्या कामाशी माझा जवळून संबंध आला आहे.

विहिरीला झरे अनेक असतात, पण पोहऱ्यात आलेले पाणी अमुक झऱ्याचे, असे सांगता येत नाही. विजेचेही बरेचसे तसेच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एकसमयी झाले. तेव्हापासून देशभराच्या जाळ्यावरची सगळी जनित्रे एकमेकांशी पाऊल जुळवून फिरतात. चंद्रपूरचे यंत्र मिनिटाला ३,००० फेरे घेते आणि धरणावरचे यंत्र त्याहून पुष्कळ सावकाश फिरते, तरी दोघांतून निघणारी लय सेकंदाला पन्नास आवर्तनांचीच असते. आपण पंखा लावला, तर त्याचा सूक्ष्म भार जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांवर मिळून पडतो. जवळचे केंद्र चालू असेल, तर आपल्या भागातल्या तारांमधून त्याचीच शक्ती अधिक वाहते, एवढे मात्र खरे.

पण ते चालू असते का, हा मुद्दा आहे. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि त्यातला चौथा टप्पा एकटाच १,००० मेगावॅटचा आहे. मात्र पाणी मोजून वापरायचे असते, म्हणून ही यंत्रे प्रामुख्याने सकाळ-संध्याकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी चालवतात. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत भार घेतो. त्यामुळे एप्रिलमधल्या एखाद्या रात्री दोन वाजता आपल्या घरात दिवा लागतो, तेव्हा डोंगरापलीकडची यंत्रे कदाचित उभी असतील आणि वीज विदर्भातल्या कोळशाची किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याची असेल.

हे ठरवण्याचे काम कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्रात चालते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागासाठी कोणी किती वीज घालायची आणि कोणी किती घ्यायची, याचे वेळापत्रक असते. एवढे करूनही अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी यांच्यात फरक पडतोच. वीज या जाळ्यात साठून राहत नाही. त्या क्षणी जेवढी मागितली, तेवढीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली, की यंत्रे किंचित मंदावतात आणि वारंवारता (सेकंदाची आवर्तने) ४९.९ च्या खाली घसरू लागते; मागणी घटली, की ती ५०.०५ च्या वर चढू लागते. माझ्या आठवणीतला सगळ्यात श्वास रोखलेला प्रसंग ५ एप्रिल २०२० च्या रात्रीचा आहे. नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी देशभर दिवे मालवले गेले आणि मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली. जलविद्युत केंद्रांनी आधी निर्मिती वाढवून ठेवली होती. ती त्या मिनिटांत झपाट्याने उतरवली आणि दिवे लागू लागल्यावर पुन्हा चढवली. २०१२ च्या जुलैमध्ये उत्तरेचे जाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पूर्वेचे आणि ईशान्येचेही गेले होते. आपला पश्चिम विभाग तेव्हा वाचला, पण तोल गेला तर काय होते, याचा धडा सगळ्यांनाच मिळाला होता.

यात आपल्यासाठी एक उपयोगाची खूण आहे. वारंवारता सगळीकडे एकच असते, दाब मात्र जागोजागी वेगळा असतो. म्हणून संध्याकाळी फक्त आपल्याच बाजूला दाब पडत असेल, तर "राज्यात विजेची टंचाई आहे" हे कारण आपण मान्य करू नये.

जुना_वायरमन

राम राम. मी खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस आहे, तेव्हा मनोऱ्यापेक्षा खालचे सांगतो.

आपल्याकडे डीपीचा लघुदाब ४३३ व्होल्ट असतो, म्हणजे एका फेजला न्यूट्रलशी (परतीच्या तारेशी) २५० व्होल्ट. पुढे तारेत काही पडणार, हे गृहीत धरूनच ते वीस व्होल्ट जास्तीचे ठेवलेले असतात. आता हिशेब करा. वाडीवस्तीला टाकतात त्या बारीक तारेचा रोध किलोमीटरला धरून चाला एक ओहम. सहाशे मीटरला ०.६ ओहम. वीज फेजने जाते आणि न्यूट्रलने परत येते, म्हणून दोन्ही मिळून १.२ ओहम. या फेजवर तुमच्या टोकाला ४० अँपिअर भार असला, तर ४० गुणिले १.२ म्हणजे ४८ व्होल्ट तारेतच गेले. भारामुळे डीपीवर २३५ उरले असतील, तर तुमच्या घरी १८७ आले. तुमचा मीटर खोटे बोलत नाही.

आता तोच ४० अँपिअरचा भार तिन्ही फेजवर सारखा वाटला, असे समजा. प्रत्येक फेजला तेरा-साडेतेरा अँपिअर आले. तिन्ही सारखे असले, की न्यूट्रलमधून परत येणारा प्रवाह जवळजवळ शून्य होतो, म्हणून तेवढ्या अंतरात फक्त आठ व्होल्ट पडतात. खांब तेच, तार तीच, घरेही तीच. ४८ च्या जागी ८. तारेत जळणारी वीजही सहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून "तुम्ही शेवटाला आहात" हे उत्तर अर्धेच आहे. कालव्याच्या टेलला पाणी पोहोचत नाही, तेव्हा टेल लांब आहे हे एक कारण असते आणि वरच्या चाऱ्या कशा सोडल्या आहेत, हे दुसरे असते.

आमच्याकडे हे कसे बिघडते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नवीन जोडणी द्यायची असली, की शिडी जिथे लावली तिथून जी तार हाताला सोयीची, तिच्यावर जोडणी होते. दहा-पंधरा वर्षांत वाडीतली तीन चतुर्थांश घरे एकाच फेजवर जाऊन बसतात. त्यात संध्याकाळी पाण्याच्या मोटरी लागतात, आणि मोटरीचा स्वभाव असा, की दाब कमी मिळाला की ती जास्त प्रवाह ओढते, त्याने दाब आणखी पडतो.

दुसरा संशय न्यूट्रलच्या सांध्यावर घ्यावा लागेल. एका वस्तीत असाच दाब पडायचा. मी वर गेलो, तर न्यूट्रलच्या जंपरला (खांबावर दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याला) नुसते पीळ मारून ठेवले होते, क्लॅम्पच नव्हता. पिळातल्या तारा पांढऱ्या भुकटीने माखल्या होत्या आणि बोट लावले तर दोन पदर तुटूनच हातात आले. तो सांधा त्या आठवड्यात सुटला असता, तर काही घरांत शंभर आणि काही घरांत तीनशेच्या वर दाब गेला असता आणि टीव्ही, फ्रिज जे काही लावलेले होते ते सगळे जळाले असते. न्यूट्रलला लोक "मेलेली तार" समजतात. ती तशी नसते.

एक काम करा. मल्टिमीटर घेऊन एकाच संध्याकाळी, साडेसात ते आठच्या दरम्यान, तीन ठिकाणी घरातल्या सॉकेटवर दाब मोजा: डीपीजवळच्या घरी, तुमच्या घरी, आणि तुमच्याच टोकाला पण दुसऱ्या फेजवर असलेल्या एखाद्या घरी. एका फेजचा फ्यूज गेला, की कोणाच्या घरी वीज राहते, हे वाडीत सगळ्यांना माहीत असते. त्यावरून फेज ओळखा. डीपीच्या पेटीला, किटकॅटला (फ्यूजच्या खाचेला) किंवा खांबाला स्वतः हात लावू नका. ही विनंती मी हात जोडून करतो.

डोंगरपायथा

आपल्या तिघांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी पावणेआठला मोजमाप केले. डीपीशेजारच्या दुकानात २३६ व्होल्ट आले, माझ्या घरी १८४, आणि आमच्याच टोकाला, पण दुसऱ्या फेजवर असलेल्या चुलत्यांच्या घरी चक्क २४४. हे मला कळले नाही. डीपीपाशी २३६ असताना सहाशे मीटर पुढे दाब वाढेल कसा? मीटर बिघडला असेल म्हणून भाचीच्या आयटीआयमधला दुसरा आणून मोजले, तरी तेच आले. साहेबांच्या सांगण्यावरून शेतातल्या मनोऱ्याच्या तबकड्याही मोजल्या, तेवीस भरल्या.

जुना_वायरमन

तो २४४ चा आकडाच तुमचे उत्तर आहे. तुमच्या फेजचा सगळा प्रवाह न्यूट्रलने परत जातो, त्यामुळे टोकाला न्यूट्रल स्वतःच जागेवरून सरकते, साधारण वीस-पंचवीस व्होल्टने. ती तुमच्या फेजच्या दिशेने सरकली, म्हणून तुमचा दाब कमी झाला. दुसऱ्या दोन फेजपासून दूर गेली, म्हणून त्यांचा वाढला. भार वाटलेला नाही किंवा न्यूट्रलचा सांधा खराब आहे, किंवा दोन्हीही आहे. नुसती तार लांब असती, तर चुलत्यांच्या घरीही दाब पडलाच असता.

आता तक्रार अशी लिहा: तारीख, वेळ, तिन्ही ठिकाणचे आकडे, डीपीपासूनचे अंतर, आणि मागणी दोनच ठेवा. पहिली, लघुदाब वाहिनीवरचा भार तिन्ही फेजवर समान करावा. दुसरी, न्यूट्रलचे सर्व जंपर तपासून क्लॅम्प बसवावेत. नवी डीपी मागू नका, असे मी म्हणत नाही, पण तिला मंजुरी, निधी आणि जागा लागते. या दोन कामांना एक शिडी, चार माणसे आणि अर्ध्या दिवसाचा खंड पुरतो.

मनोरा_४००

यात एकच भर घालतो. लघुदाबावर घोषित दाबाच्या सहा टक्के खाली-वर एवढीच मुभा असते. १८४ हा आकडा त्याच्या कितीतरी खाली आहे, तेव्हा अर्जात या मर्यादेचा उल्लेख अवश्य करावा आणि पोच घ्यावी. काम झाल्यावरही दाब पुरेसा आला नाही, तर पुढची मागणी ११ केव्हीची तार आपल्या टोकाच्या जवळ आणून तिथे लहान डीपी बसवण्याची असावी. सहाशे मीटरचा प्रवास २३० व्होल्टऐवजी ११ केव्हीने झाला, म्हणजे मी पहिल्या उत्तरात चंद्रपूरसाठी जे सांगितले, तेच आपल्या वाडीत घडेल.

डोंगरपायथा

सव्वा महिन्याने लिहितो आहे, क्षमस्व. अर्ज काकांच्या शब्दांत दिला. दोन आठवडे काही झाले नाही. मग आम्ही वाडीतले नऊ जण आकड्यांचा कागद घेऊन कार्यालयात गेलो आणि त्यानंतरच्या मंगळवारी माणसे आली. आमच्या बाजूची सतरा घरे एकाच फेजवर होती. त्यातली अकरा दुसऱ्या दोन फेजवर घेतली. शाळेजवळच्या खांबावर न्यूट्रलचा जंपर खरोखरच नुसता पिळलेला निघाला. त्याचा काढलेला तुकडा मी मागून घेतला आहे, त्यावर काकांनी लिहिली होती तशीच पांढरी भुकटी आहे.

काल रात्री आठ वाजता माझ्या घरी २१९ व्होल्ट होते, चुलत्यांकडे २२४ आणि दुकानात २३५. फ्रिज चालू आहे. टोकाला लहान डीपी मिळावी, हा अर्ज आज दिला आणि त्याची पोच घेतली.